मदत हवी आहे: घरचे फ्रेंच फ्राइज पाच मिनिटांत माना टाकतात

मंडळी, चौथी खेप फसली म्हणून इथे आले. पुढच्या रविवारी लेकाचा वाढदिवस आहे, दहा-बारा पोरं येणार आणि त्याने वर्गात सांगून ठेवलंय की आई घरीच फ्राइज करणार, अगदी मॉलमध्ये मिळतात तसे.

मी काय करते ते सांगते. बटाटे सोलून करंगळीएवढ्या जाड सळ्या कापते, दोन पाण्यांतून धुते, वर कॉर्नफ्लोअर भुरभुरवते आणि कडकडीत तेलात सोडते. दोन मिनिटांत रंग चढतो, पण सोनेरी नाही, करपल्यासारखा तपकिरी. घाईने काढले तर आत कच्चे. आच कमी केली तर तेल पिऊन गिळगिळीत. चुकून एखादा घाणा बरा निघालाच, तर दुसरा तळून होईस्तोवर पहिला मऊ पडलेला असतो. गरम राहावेत म्हणून डब्यात झाकून ठेवते, तरीही.

बटाटे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचे, साधेच. कोंब येतात म्हणून फ्रीजमध्ये ठेवते. थर्मामीटर नाही, एअर फ्रायर नाही. आणि 'फ्रोजनचं पाकीट आणा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो सासूबाई रोज देताहेत.

प्रतिसाद १
ताई, फ्रीज! तिथेच घोडं पेंड खातंय. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. ही साखर तेलात पडली की आतला गर शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होते. म्हणजे तुमचा रंग भाजल्याचा नाही, साखरेचा आहे. बटाटे टोपलीत, अंधारात, हवेशीर ठेवा. कांद्याजवळ नको.

अजून एक भानगड आहे. बाजारातला खायचा बटाटा महिनोन्‌महिने शीतगृहात असतो, तिथलं तापमान २ ते ४ अंश. वेफर्स-फ्राइजच्या कारखान्यांसाठीचा बटाटा मात्र १० ते १२ अंशांवर ठेवतात, तो गोड होऊ नये म्हणून. त्यामुळे घरी फ्रीज टाळला तरी दुकानातूनच गोड बटाटा येऊ शकतो. भाजीवाल्याला 'वेफर्सचा बटाटा द्या' असं सांगून बघा. आमच्याकडे कळतं त्यांना.

प्रतिसाद २
जातीचंही बघा. फ्राइजना कोरडा, पिठूळ बटाटा लागतो. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने खास यासाठी 'कुफरी फ्रायसोना' काढला आहे, वेफर्ससाठी 'चिपसोना' आहे. भाजीबाजारात नावानिशी मिळायची आशा धरू नका. 'पुखराज' मात्र सगळीकडे असतो, तो पाणीदार. रश्श्याला छान, फ्राइजला नाही.

ओळखायचा घरगुती उपाय: एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर त्याची भाजी करा. मीठ जातं वाया, पण दहा-बारा पोरांपुढे फजिती होण्यापेक्षा बरं. आणि पातळ सालीचा नवा बटाटा घेऊ नका, त्यात पाणी फार.

प्रतिसाद ३
बटाटा कितीही चांगला आणा, एकदाच तळाल तर मऊच पडणार. दोनदा तळायचे. मी करते ते असं:

करंगळीएवढ्या नकोत, पेन्सिलीच्या जाडीच्या सळ्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून सळ्या आठ-दहा मिनिटं उकळा. व्हिनेगर नसेल तर त्या विरघळून भगरा होतो. आंबटपणामुळे बटाटा शिजतो पण सळी मोडत नाही. चव उरत नाही, घाबरू नका. आमची आई वेफर्सचे काप तुरटीच्या पाण्यात टाकायची, त्यातलाच प्रकार समजा.

निथळून सुती पंच्यावर पसरा. वाफ जाऊन पृष्ठभाग कोरडा पडला पाहिजे, इथे घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. मग मध्यम तेलात, साधारण १६० अंशांवर, जेमतेम मिनिटभर तळा. रंग येऊ द्यायचा नाही. गार करून ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये रात्रभर. बर्फाच्या स्फटिकांनी आतल्या पेशी फुटतात, दुसऱ्यांदा तळताना पाणी झटकन निघून जातं आणि आतला गर भुसभुशीत होतो. खायच्या वेळी थेट फ्रीझरमधून १९० अंशांच्या तेलात, तीन-चार मिनिटं.

प्रतिसाद ४
म्हणजे घरीच फ्रोजनचं पाकीट बनवायचं. सासूबाई जिंकल्या की! :)

धागाकर्ती
हाहा, त्यांना हा धागा दाखवणार नाही. पण थर्मामीटरशिवाय १६० आणि १९० ओळखू कसं? आणि कॉर्नफ्लोअर लावायचंच नाही?

प्रतिसाद ३
एक सळी टाकून बघा. पहिल्या तळणीत बारीक बुडबुडे येऊन ती हळूहळू वर यायला हवी. दुसऱ्या तळणीत टाकल्याबरोबर फसफसून वर आली पाहिजे. तेलातून धूर निघाला तर फारच तापलंय. एका घाण्यात दोन मुठींपेक्षा जास्त घालू नका, गोठलेल्या सळ्यांनी तेल झटकन गार होतं. वरचा बर्फाचा चुरा झटकून टाका, नाहीतर तेल अंगावर उडेल. पोरांना ओट्यापासून लांब ठेवा.

कॉर्नफ्लोअरचा पातळ थर दिला तर कुरकुरीतपणा जास्त टिकतो, पण ओल्या सळ्यांवर लावलं की त्याची खळ होते. तुमचं तेच झालं असणार. मला त्याची गरज वाटत नाही.

आणि डबा! झाकण अजिबात नको. वाफ आतच कोंडते. जाळीवर किंवा चाळणीत काढा, वर्तमानपत्रावर नको. मीठ तेलातून काढल्या काढल्या, तेही पिठासारखं बारीक करून.

धागाकर्ती
रविवारच्या आधी अर्धा किलोची रंगीत तालीम केली. मिठाच्या पाण्यात सहापैकी दोन बटाटे तरंगले, त्यांची काचऱ्या भाजी झाली. उकळताना पाच-सात सळ्या मोडल्या, बहुतेक मिनिटभर जास्त झालं. बाकीच्या काल रात्री फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि आत्ता तळल्या. रंग बरोबर मॉलसारखा! वीस मिनिटांनी खाऊन पाहिलं, तेव्हाही कुरकुरीत होत्या. सासूबाईंनी पहिली बशी संपवली आणि 'पाकिटातल्यासारख्याच झाल्यात' म्हणाल्या.

आता शेवटचा प्रश्न. बारा पोरांना तीन किलो बटाटे पुरतील का? फ्रीझरमध्ये मटार भरलेत, ते आधी हलवावे लागतील.