फरार मुलाला लपवणारी आई गुन्हेगार नाही?

निशाचर: शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की आईने फरार मुलाला घरात लपवलं तर तो गुन्हाच धरू नये, 'रक्त आहे शेवटी'. वाचून डोकं फिरलं. ज्याचा खून झाला त्याला आई नव्हती? फाशीपर्यंतच्या गुन्ह्यातही आसरा देणाऱ्याला नव्या फौजदारी कायद्याच्या, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ खाली फार तर ५ वर्षं. तीही जड वाटतात?

मधुमालती: जड नाही, विचित्र वाटतात. त्याच कलमात नवरा-बायकोला सूट आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम २१२ मध्येही होती, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १९ मध्येही आहे. काल लग्न झालेली बायको सुटते, जन्म दिलेली आई आत! जर्मनीत जवळच्या नातलगांना या गुन्ह्याची शिक्षाच नाही. जपानमध्ये कोर्ट माफ करू शकतं.

निशाचर: मग बायकोचीही सूट काढा. प्रश्न मिटला.

खडूस_काका: अहो, आसऱ्याच्या व्याख्येत जेवण, कपडे, पैसेही येतात. पोरगं दारात आलं तर ताटावरून उठवायचं?

मधुमालती: त्याला पकडू द्यायचं नाही या हेतूने वाढलं तरच, काका. कलम पूर्ण वाचा.

वाटसरू७: कलमं राहू द्या. चुलतभाऊ फरार झाला तेव्हा माझ्या सत्तरीतल्या वडिलांना रोज चौकीत नेऊन बसवायचे. कागदावर एक ओळ नाही. 'कुठे लपवलाय?' एवढंच. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

निशाचर: मग हजर झाला का चुलतभाऊ?

वाटसरू७: झाला.

निशाचर: म्हणजे औषध लागू पडलं.

वाटसरू७: जिभेला काही हाड? वडिलांना त्यानंतर पोलिसांची गाडी दिसली तरी कापरं भरायचं.

मधुमालती: निशाचर, शोभत नाही हे. पोलीस तपासाचे नियम सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ बघा. साठीपुढच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला साक्षीदार म्हणून घराबाहेर बोलावता येत नाही. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ६५ होतं.

खडूस_काका: चौकीत कलम १७९ दाखवून बघा एकदा. मग भेटू.

निशाचर: वडिलांबद्दल बोललो ते मागे घेतो. आणि चला, आईबापांना दिली सूट, खूश? खून-बलात्कार सोडून. पण भाच्याला कोपऱ्यातलं घर उघडून देणाऱ्या मामाला दुप्पट शिक्षा. याच्यापुढे एक इंच नाही.

खडूस_काका: आता हा मामा कुठून उपटला?

निशाचर: आमच्या केसमध्ये होता. आठ महिने.