बरगडी मोडली नाही, तरी मुलाचा चेहरा जांभळा का पडला?

प्रश्न (लालबाग)

माझ्या तीन वर्षांच्या पुतण्याच्या अंगावर गेल्या आठवड्यात ड्रॉवरचे कपाट पडले. खालचे ड्रॉवर ओढून तो त्यांवर चढत होता, असे वहिनी सांगतात. बाहेर काढल्यावर तो रडला, परंतु चेहरा व मान जांभळी पडली होती, पापण्यांवर बारीक लाल ठिपके उठले होते आणि डोळ्यांत रक्त उतरले होते. एक्स-रेमध्ये बरगड्या शाबूत दिसल्या, तरीही डॉक्टरांनी ‘ट्रॉमॅटिक अस्फिक्सिया’ (छाती जोराने दबून श्वास कोंडणे व रक्त डोक्याकडे लोटले जाणे) असे निदान करून त्याला देखरेखीखाली ठेवले. आता तो घरी आहे, पण डोळे अजून लाल आहेत. मेंदूवर किंवा दृष्टीवर परिणाम राहतो का?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ, परळ)

लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. त्या न मोडता वाकतात आणि सगळा दाब आतल्या फुप्फुसांवर व हृदयावर जातो, म्हणून शाबूत बरगड्यांवर विसंबून कोणीही मुलाला तसेच घरी ठेवू नये. छाती अचानक दबते तेव्हा घाबरून घेतलेला श्वास कोंडलेला असतो, त्यामुळे छातीतील दाब एकदम वाढून रक्त मोठ्या शिरेतून मान व डोक्याकडे उलटे लोटले जाते. तिकडच्या शिरांत ते थोपवणाऱ्या परिणामकारक झडपा नसल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, फुटतात, आणि आपण पाहिलेले ठिपके उमटतात. फ्रेंच वैद्य ओलिव्हिए यांनी १८३७ मध्ये पॅरिसच्या गर्दीत चेंगरून मृत्यू पावलेल्यांच्या चेहऱ्यांवर हीच लक्षणे नोंदवली होती.

चेहरा भीतिदायक दिसला, तरी परिणाम ठरतो तो छाती किती वेळ दबलेली होती आणि मेंदूला किती वेळ प्राणवायू मिळाला नाही, यावर. आपला पुतण्या बाहेर काढताच रडला, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. डोळ्यांची लाली सहसा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मात्र पडद्यावर रक्तस्राव नाही ना, हे नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेच, कारण इतक्या लहान मुलाला अंधुक दिसत असले तरी सांगता येत नाही. धाप, वारंवार उलट्या, गुंगी, झटके किंवा पोटदुखी यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. यकृत आणि प्लीहा यांनाही अशा दाबाने इजा होऊ शकते.

उत्तर २ (परिचारिका, शीव)

अशा वेळी आधी वजन हटवावे, मग श्वास पाहावा. श्वास चालू असेल तर छाती दाबू नये. थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वास व छातीदाब सुरू करावा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर असले तरी रुग्णालय टाळू नये, कारण फुप्फुसाला बसलेला मार काही वेळा कित्येक तासांनंतर जाणवतो.

उत्तर ३ (बोरिवली)

घरातील उंच कपाटे एल आकाराच्या लोखंडी पट्टीने भिंतीला पक्की करून घ्यावीत, आणि जड वस्तू खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात. भाड्याच्या खोलीत मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, ही अडचण मलाही आली; तरीही त्यांना नेमके कारण सांगून परवानगी मागावी, आणि जुन्या चाळीत गिलावा भुसभुशीत असल्यास स्क्रू विटेत खोलवर जाईल, हे सुताराला मुद्दाम सांगावे.