नव्या मंडळीची सुरुवात नाताळच्या स्टेजवरून? मला नाही पटत

गव्हाणी (धागाकर्ता)
सगळ्यांना सलाम. परवा आपल्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता: नवी मंडळी, म्हणजे नवं चर्च, काढायची तर नाताळसारखी संधी नाही. मैदान घ्या, स्टेज बांधा, सांता आणा, केक वाटा, येणाऱ्यांचे नाव-नंबर लिहून घ्या, जानेवारीत मंडळी उभी. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाताळपासून शिकायचंच असेल तर लूककृत शुभवर्तमानातला नाताळ घ्या. उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत, आणि पहिली बातमी रानात मेंढरं राखणाऱ्यांना. पुढे तीसेक वर्षं नासरेथात मुक्काम. सुताराचं घर, तीच गल्ली, तीच बोली. उपदेश त्यानंतर. आपण आधी माइक लावतो, ओळख नंतर बघू म्हणतो, आणि मुक्काम तर करतच नाही. पाळक राहतो कोथरूडला, मंडळी काढतो चाकणला, रविवारी उपासना आटोपली की गाडीत बसतो. नव्या मंडळीला सगळ्यात आधी हवं असतं तिथे बिऱ्हाड हलवणारं एक कुटुंब. टँकर आला की हंडा घेऊन रांगेत उभं राहणारं, शेजारणीला रात्री कळा सुरू झाल्या तर रिक्षा शोधायला पळणारं.

आणि इतिहास बघा. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले ते अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल (आपला कारभार आपणच पाहणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांतून, जिथे नाताळ पाळतच नसत. तिथल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला होता. 1681 मध्ये तो कायदा गेला, पण त्या मंडळ्यांची नाताळ न पाळण्याची रीत पुढे कितीतरी वर्षं टिकली. त्याच लोकांनी 1831 मध्ये नगरला मिशनचं ठाणं केलं. नाताळच्या कार्यक्रमाशिवाय मंडळी उभी राहते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, त्याच मिशनमधून उभे राहिलेले आपण आहोत.

पिंपरीचा पाळक
तो संदेश माझा नाही, पण मी त्याच्या बाजूचा आहे. लिहिणं सोपं असतं, भाऊ. मी आणि माझी बायको एमआयडीसीच्या चाळीतच राहत होतो. दारोदार गेलो, लोकांनी चहा दिला, सुखदुःख सांगितलं, उपासनेला मात्र कोणी फिरकलं नाही. मग नाताळला गच्चीवर मुलांचा कार्यक्रम ठेवला. एक बाई फक्त पोराचा नाच बघायला आली, जिन्याजवळ उभी राहिली, बसलीसुद्धा नाही. आज ती आमच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते. स्टेज नसतं तर ती आली असती का?

आणि लूकच वाचायचा तर पुरता वाचा. मेंढपाळांना निरोप एका दूताने दिला, पण लगेच स्वर्गीय सैन्याचा समुदाय आला आणि मोठ्याने स्तुती झाली. देवाला मोठा कार्यक्रम चालतो, तुम्हाला का चालत नाही?

जुना नगरी
स्टेज असो नसो, त्यावर गाता काय ते सांगा. गेल्या नाताळला एका नव्या मंडळीत गेलो होतो. सगळी गाणी हिंदी नाहीतर इंग्रजी. ड्रम एवढा की शेजारच्या आजींनी पदर कानावर धरला. मराठी पद एकच, तेही पडद्यावर रोमन लिपीत! कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती अभंग दिले. हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ घेऊन गावोगाव सुवार्ता गेली. आमच्याकडे बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करून फेरी निघायची, घरोघर करंज्या मिळायच्या. गावातली बिगरख्रिस्ती मंडळीही ओट्यावर बसून ऐकायची, कारण चाल ओळखीची होती. ते सोडून हे काय आणलंत?

हडपसरवाली
काका, आमच्या मंडळीत बीडची, बिहारची, केरळची माणसं आहेत. हिंदी नाही तर कशात गायचं? माझ्या मुलांना अभंगातलं निम्मं कळत नाही. टिळकांची पदं पुढच्या पिढीला येत नसतील तर ती शिकवायची कोणी होती? तुम्हीच ना?

जुना नगरी
शिकवली नाहीत? शनिवारची गायनमंडळाची तालीम मी कधी चुकवली नाही. पोरं येत नव्हती, आईबाप क्लासला पाठवत होते. उगाच आमच्यावर ढकलू नका. बीडच्या माणसाला मराठी कळत नाही, हेही आजच ऐकतोय.

हडपसरवाली
बीडच्या माणसाला मराठी कळतं, बिहारच्या बाईला कळत नाही. तिने पाठीमागे मुकाट बसायचं का? तुमच्यासारखे ज्येष्ठ असं तोडून बोलतात म्हणूनच तरुण मंडळी दुसरीकडे जातात.

वसईची सून
मी कॅथलिक, तरी लिहिते. आमच्या गावात डिसेंबर लागला की पोरं गवत-माती गोळा करून नाताळचा गोठा बांधतात. 1739 मध्ये पोर्तुगीज गेले, पण गावची चर्चं राहिली, कारण ती गावकऱ्यांची होती. तुम्ही दोघं मंडळी कशी काढायची यावर भांडताय. मला एक सांगा, तुमच्या त्या नव्या मंडळीच्या सभासदांच्या वहीत किती जण आधी कुठल्याच चर्चचे नव्हते? माझी नणंद अशाच एका नाताळ कार्यक्रमातून नव्या मंडळीत गेली. आता आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) सुद्धा येत नाही, तिथे चालत नाही म्हणते. याला सुवार्ता म्हणायचं का?

पिंपरीचा पाळक
नणंदेचं वाचून वाईट वाटलं. आईच्या प्रार्थनेला जाऊ नको असं मी कुणाला सांगणार नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आणि वहीचं विचारलंत, तर हो, निम्म्याहून जास्त माणसं आधी दुसरीकडची होती. खोटं बोलणार नाही.

गव्हाणी
वसईच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. स्टेजवर आधीच विश्वासात असलेली माणसं गोळा होतात आणि आपण त्याला वाढ म्हणतो. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवलं. नवी मंडळी काढायची तर ते धाडस दाखवा.

पिंपरीचा पाळक
आणि 1919 मध्ये टिळक गेले, त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. नुसत्या मुक्कामावर आणि प्रेमावर मंडळी चालत नाही. वही लागते, पंच लागतात, भाड्याची पावती लागते.

गव्हाणी
ते खरं आहे. वही नको असं मी म्हटलेलं नाही. ती पहिल्याच संध्याकाळी, केकच्या टेबलावर उघडू नका.

पिंपरीचा पाळक
बरं, नंबर लिहून घेणारं टेबल यंदा काढतो. चाकणच्या गटासाठीही आधी तिथे राहायला तयार होणारं घर बघतो, तोवर तिथे उपासना सुरू करत नाही. स्टेज मात्र राहणार, त्यावर वाद नको.

जुना नगरी
गाण्यांचं कोणीच बोललं नाही.

हडपसरवाली
काका, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मराठी पदं तुम्ही येऊन शिकवायची, शनिवारी संध्याकाळी.

जुना नगरी
येतो. ढोलकीवाला माझ्याकडे आहे. ड्रम त्या वेळेला बंद ठेवा.