रविवारचा कट्टा: ब्रिटिश सिनेमे, आठ आठवडे

ए-२०१: मंडळी, पुढचे आठ आठवडे ब्रिटिश सिनेमे. पद्धत नेहमीचीच. ज्याने त्याने घरी बघायचं, रविवारी संध्याकाळी ६ ला क्लबहाउसमध्ये चर्चा. प्रोजेक्टरचा विषय परत काढू नका, ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. बाँड आणि हॅरी पॉटर सगळ्यांचे बघून झालेत, ते सोडून यादी हवी. काका, तुम्ही सुरुवात करा.

बी-६०४: यादीआधी क्रमाचं बोलू. सनावळीने गेलं की लोक मध्येच गळतात. ब्रिटिश सिनेमाचा क्रम कानाने लावावा. १९४०-५० मधल्या बऱ्याच सिनेमांतलं इंग्रजी जुन्या बीबीसीच्या बातम्यांसारखं आहे, शब्द न् शब्द कळतो. तिथून लंडनच्या गल्ल्यांत यायचं आणि उत्तरेकडच्या यॉर्कशरची जड बोली अगदी शेवटी. उलट गेलात तर नजर सबटायटलवरून हटणार नाही.

पहिला 'द थर्ड मॅन', १९४९, दिग्दर्शक कॅरल रीड, पटकथा ग्रॅहम ग्रीनची. युद्धानंतरचं व्हिएन्ना, चार राष्ट्रांनी वाटून घेतलेलं. मित्राने बोलावलं म्हणून एक लेखक येतो, तर मित्राची अंत्ययात्रा चाललेली. अख्खं संगीत झिथर या एकट्या तंतुवाद्याचं. ऑर्सन वेल्स निम्मा सिनेमा उलटल्यावर उगवतो, तेव्हा 'कुठेय तो?' असे मेसेज टाकू नका. चौकट सतत तिरकी दिसेल, ती मुद्दाम आहे.

सी-३०३: काका, यात एक मेख आहे, आधीच सांगते. अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी तिथला निर्माता डेव्हिड सेल्झनिकने ११ मिनिटं कापली होती. ब्रिटिश प्रत १०४ मिनिटांची, अमेरिकन ९३ ची. लावण्याआधी कालावधी बघा. तरी शंका असेल तर सुरुवातीचं निवेदन ऐका. ब्रिटिश प्रतीत तो आवाज स्वतः रीडचा, कुणीतरी काळ्या बाजारातला माणूस गप्पा मारतोय असा. अमेरिकन प्रतीत तिथे नायक बोलतो, जोसेफ कॉटन. पहिल्याच मिनिटाला सगळा तिरकसपणा गेला.

ए-७०३: जुन्या डीव्हीडीवर १०० मिनिटं दिसत असतील तर ती तिसरीच प्रत का?

सी-३०३: नाही रे, ती पूर्णच. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल म्हणजे भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळतो. म्हणजे ४ टक्के लवकर संपतो. १०४ चे १०० होतात, ९३ चे ८९. बहुतेकदा आवाजही किंचित चढतो, झिथरवर ते लगेच कळतं.

डी-१०२: घरात सासूबाई आणि दोन मुलं. सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखं काय आहे ते आधी सांगा.

बी-६०४: काकू, 'ब्रीफ एन्काउंटर', १९४५, डेव्हिड लीन. ८६ मिनिटं. दोघं विवाहित, स्टेशनच्या उपाहारगृहात ओळख होते, दर गुरुवारी भेटतात. बस, इतकंच. मागे रॅखमनिनॉफचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो. सासूबाईंना आवडेल. मुलं मात्र दहाव्या मिनिटाला उठतील. स्टेशन लँकशरमधलं कार्नफर्थ. चित्रीकरण झालं तेव्हा युद्ध संपलं नव्हतं. रात्री दिवे लावून काम करायचं, तर हल्ल्याचा इशारा आल्यावर ते विझवायला वेळ मिळेल इतकं दक्षिणेपासून लांबचं स्टेशन हवं होतं.

सी-३०३: मुलांसाठी 'द राँग ट्राउझर्स', १९९३, ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा. अर्धा तास. मातीच्या बाहुल्या, एकेक चौकट हाताने हलवून. थांबवून बघितलं तर बाहुल्यांवर अंगठ्याचे ठसे दिसतात. कुत्रा आणि पेंग्विन दोघंही एक अक्षर बोलत नाहीत, सबटायटलचा प्रश्नच मिटला. दुसरा 'पॅडिंग्टन २', २०१७. 'मुलांचा सिनेमा' म्हणून मोठ्यांनी टाळू नये असा.

ॲडमिन: मध्येच घुसतो, उद्या टाकी धुणार, १० ते १ पाणी नाही. चालू द्या.

ए-७०३: विनोदी?

बी-६०४: 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९, एलिंग स्टुडिओ. उमरावकी मिळावी म्हणून एक तरुण वाटेतल्या वारसांना एकेक करून संपवतो. त्या घराण्यातले आठ जण एकट्या ॲलेक गिनेसने केलेत, त्यांत एक बाईसुद्धा. खून करतानाही भाषा इतकी अदबशीर की हसू जरा उशिरा येतं. इथेही प्रत तपासा. अमेरिकेतल्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांमुळे शेवटी काही सेकंदांचं शेपूट जोडलं होतं, गुन्हेगार सुटला असं वाटू नये म्हणून. मूळ शेवट लटकता आहे आणि तोच खरा. शेपूट काय ते रविवारी.

सी-३०३: आता टीव्हीचं ऐका, नाहीतर पुढचा सिनेमा वाया जाईल. तीन गोष्टी.
चित्र अतिगुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो अशा नावाने असते. ती चालू राहिली की सिनेमाची मालिका होते.
'व्हिव्हिड' काढा, 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड लावा.
जुन्या सिनेमात दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. चौकट जवळजवळ चौकोनी आहे. पडदा भरायला 'झूम' केलंत तर डोकी कापली जातात, 'वाइड' केलंत तर सगळे जाडे दिसतात.

हे सगळं 'ब्लॅक नार्सिसस'साठी. १९४७, दिग्दर्शक जोडी पॉवेल आणि प्रेसबर्गर. हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात इंग्रज नन मठ काढतात आणि वारा, उंची, एकटेपणा त्यांना हळूहळू पोखरतो. गंमत म्हणजे चमूतलं कुणी त्यासाठी हिमालयात गेलंच नाही. सगळं इंग्लंडमध्ये, मुख्यतः पाइनवुड स्टुडिओत. दऱ्या आणि शिखरं काचेवर रंगवलेली. छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन दोन्हींना ऑस्कर. शेवटाकडे एक नन दुसरीच्या समोर बसून शांतपणे ओठांना लाल लिपस्टिक लावते. तोवर सगळं पांढरं, राखाडी, मातकट, म्हणून तो लाल अंगावर येतो. 'व्हिव्हिड'मध्ये आधीचं सगळंच भडक होऊन बसतं, मग तिथे काहीच होत नाही.

डी-१०२: पण त्यात गोऱ्या नटीला सावळी रंगवून भारतीय मुलगी केलंय ना?

सी-३०३: हो काकू, जीन सिमन्स. खटकतं आणि खटकायलाच हवं. चर्चेत घेऊ. सिनेमा आला स्वातंत्र्याच्या काही महिने आधी आणि गोष्ट आहे इंग्रजांना इथे न जमल्याची. दोन्ही एकत्रच बोलावं लागेल.

ए-२०१: चार झाले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' नाही का?

बी-६०४: आहे, पण जोडून सुट्टी आली की. १९६२, पुन्हा लीन, पूर्ण प्रत २२७ मिनिटांची. मध्यंतर त्यातच आहे, तिथे चहा. सुरुवातीची चारेक मिनिटं पडदा काळा आणि नुसतं संगीत, टीव्ही बिघडला म्हणून रिमोट आपटू नका. मोबाइलवर तर अजिबात नको. विहिरीपाशी क्षितिजावर एक ठिपका थरथरतो, हळूहळू उंटावरचा माणूस होतो, तो ओमर शरीफ. मोबाइलवर त्या ठिपक्याचा पत्ताच लागत नाही. गासिमच्या भूमिकेत आपले आय. एस. जोहर आहेत.

ए-७०३: 'गांधी' धरायचा का? तो आपलाच म्हणायचा ना?

बी-६०४: भारताचा पैसाही होता, पण दिग्दर्शक ॲटनबरो आणि आठ ऑस्कर घेऊन गेला तो ब्रिटिश सिनेमा म्हणूनच. १९८२, १९१ मिनिटं. कोल्हापूरच्या भानू अथैयांना वेशभूषेचं ऑस्कर, जॉन मोलोंबरोबर. भारतीयाला मिळालेलं ते पहिलंच. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, त्यांना बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा सिनेमा पुरस्कार. गोखले म्हणजे डॉ. लागू. बहुतेकांनी शाळेत बघितलाय, म्हणून आठवडा देऊ नये असं माझं मत.

सी-३०३: मी देईन, पण जोडीने. 'गांधी'त नेहरू रोशन सेठ, पटेल सईद जाफरी. तीनच वर्षांनी 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट'मध्ये हेच दोघं भाऊ आहेत, दक्षिण लंडनमधले पाकिस्तानी. एक अंथरुणाला खिळलेला दारुडा समाजवादी पत्रकार, दुसरा थॅचरच्या काळात पैसा ओढणारा. मुलगा काकाची मोडकळीस आलेली लाँड्री चालवायला घेतो, सोबतीला एक गोरा मुलगा, डॅनिअल डे-लुइस. त्या दोघांचं प्रेम आहे, ते लपवलेलं नाही आणि त्याचं व्याख्यानही नाही. दिग्दर्शक स्टीव्हन फ्रिअर्स, लेखक हनीफ कुरेशी. ब्रिटनच्या चॅनल ४ या टीव्ही वाहिनीसाठी १६ मिमी फिल्मवर काढलेला, चित्र दाणेदार दिसेल, ते तसंच असू द्या. काकू, हा मोठ्यांपुरता.

डी-१०२: मोठ्यांपुरता म्हणजे मी आणि सासूबाई. चालेल.

बी-६०४: बरं, जोडी मान्य. सातवा 'सिक्रेट्स अँड लाइज', १९९६, माइक ली, कान महोत्सवात पाम द'ऑर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार. दत्तक गेलेली कृष्णवर्णीय मुलगी जन्मदात्या गोऱ्या आईला शोधते. ली तयार संहिता देत नाही, नटांबरोबर कित्येक महिने तालीम करून प्रसंग घडवतो. कॅफेतला प्रसंग बघा. दोघी शेजारी शेजारी, कॅमेरा समोर गप्प, सात-आठ मिनिटं एकही कट नाही. ब्रेंडा ब्लेथिनला अचानक जुनं काहीतरी आठवतं आणि चेहरा बदलतो, त्या वेळी फोन हातात नको.

आठवा 'केस', १९६९, केन लोच. यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या कोळसाखाणींच्या वस्तीतला पोरगा ससाण्याला शिकवतो. इथे कान हरणार हे गृहीत धरा. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'आउट' म्हणजे काहीतरी, 'दा' म्हणजे तू. एवढ्या तीन शब्दांवर निम्मं काम भागतं. आपोआप तयार होणारी सबटायटल या बोलीपुढे हात टेकतात, 'एसडीएच' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची) लिहिलेली निवडा. फुटबॉलच्या तासाला पोटभर हसाल. शेवट मात्र लहान मुलांना दाखवू नका.

ए-२०१: म्हणजे क्रम असा: थर्ड मॅन, ब्रीफ एन्काउंटर, काइंड हार्ट्स, ब्लॅक नार्सिसस, गांधी, लाँड्रेट, सिक्रेट्स, केस. लॉरेन्स सुट्टीत. पिन करते.

ए-७०३: थर्ड मॅन शोधला. ९३ मिनिटं दाखवतंय.

सी-३०३: अमेरिकन. सोडून दे, दुसऱ्या ॲपवर बघ.

ए-७०३: तिथे १०४ आहे, पण रंगीत.

बी-६०४: रंगीत?? नंतर फासलेला रंग तो. अरे, ओल्या फरशीवरच्या उजेडाला छायाचित्रकार रॉबर्ट क्रॅस्करला ऑस्कर मिळालंय, तोच उजेड पुसून टाकतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'कलर' शून्यावर आण आणि बघ.

सी-३०३: अगदी मूळ कृष्णधवल नाही होणार, पण चालेल. बघून झालं की कलर परत ५० वर आण, नाहीतर घरचे मेकॅनिक बोलावतील.