मदत हवी आहे: माहिती अधिकाराचा अर्ज, अर्धं दप्तर भिजलेलं आणि हातात १९ दिवस

नमस्कार मंडळी,

मी एका लहान नगरपरिषदेत नोकरीला आहे. बरीच वर्षं लेखा विभागात लिपिक होते. गेल्या महिन्यात कार्यालय अधीक्षक म्हणून बढती मिळाली आणि त्याच आदेशाच्या शेवटच्या ओळीत जन माहिती अधिकारी हे कामही अंगावर आलं. प्रशिक्षण अजून झालेलं नाही. कायद्याची प्रत आणि आधीच्यांनी ठेवलेली अर्धवट नोंदवही, एवढ्यावर काम सुरू केलंय.

पहिलाच अर्ज आला तो एका निवृत्त शिक्षकांचा. त्यांच्या प्रभागात २०१६-१७ पासून २०२३-२४ पर्यंत झालेल्या काँक्रीट रस्त्यांची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकं, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, आमच्या भाषेत एमबी), देयकं आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल, सगळ्याच्या सत्यप्रती हव्यात. शेवटचा मुद्दा असा: "दोन वर्षांत रस्ता उखडला याला जबाबदार कोण, ते कळवावे." नमुना 'अ' व्यवस्थित भरलेला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेलं, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं.

हा अर्ज टेबलावर यायच्या आधी काय झालं तेही सांगते, कारण ते मनातून जात नाही. सर दोन वेळा येऊन परत गेले होते. आवक टेबलावरच्या मुलाने एकदा "साहेब नाहीत" आणि एकदा "हे बांधकामचं आहे, तिकडे द्या" असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मी तिथून जात होते. सर दुसरी प्रत पुढे करून म्हणत होते, "बाळा, नुसता शिक्का मार, मी जातो." मी स्वतः पोच दिली. त्यांनी शिक्क्यावरची तारीख चष्मा वर करून वाचली, प्रत घडी करून खिशात ठेवली आणि मला नमस्कार केला. आपल्याच कार्यालयाची लाज वाटली मला.

आज अर्जाचा अकरावा दिवस आहे. अडचणी अशा.

मोजमाप पुस्तिका बांधकाम विभागात आहेत. अभियंता साहेबांना दोनदा तोंडी विचारलं. ते म्हणतात, "एमबी बाहेर देत नसतात. कशाला हव्यात ते आधी विचारा त्यांना."

जुनं दप्तर आधी तळमजल्यावर होतं आणि एका पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं होतं. परवा शिपाईकाकांना घेऊन मी अभिलेख कक्षात बसले. २०१७-१८ चा रुमाल (कागदांचं कापडी बासन) उघडला तर आत प्रमाणकांची, म्हणजे व्हाउचरची, एकसंध वीट झालेली. वरची पानं कडेने सुटतात, मधली एकमेकांना चिकटून निळ्या शाईचा नुसता डाग राहिलाय. त्या वर्षाची एक मोजमाप पुस्तिका यादीत आहे, कपाटात नाही.

देयकांवर ठेकेदाराचा पॅन आणि बँक खाते क्रमांक आहे. ते तसंच द्यायचं का?

आणि वरिष्ठांचा सल्ला: "आता वैयक्तिक माहितीचं कलम कडक झालंय, आठ-एक-जे लावून टाका. नाहीतर ३० दिवस जाऊ द्या, अपिलात आले तर बघू."

मला हे असं करायचं नाही. पण नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कागदावर, ते कळत नाहीये. सगळं मिळून बाराशे ते चौदाशे पानं होतील. ज्यांनी हे काम केलंय, किंवा असे अर्ज केलेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (निवृत्त कार्यालय अधीक्षक)

ताई, पोच दिलीत तिथेच निम्मं काम केलंत. आता घाबरू नका, १९ दिवस भरपूर आहेत.

उद्या कार्यालय उघडलं की पहिलं काम अभियंत्यांना पत्र. तोंडी मागितलेल्या कागदाला आपल्या खात्यात काही किंमत नसते. माहिती अधिकार अधिनियम २००५ चं कलम ५(४) आणि ५(५) लिहा. तुम्ही लेखी सहाय्य मागितलं की ज्याच्याकडे अभिलेख आहे तो अधिकारीच त्या कामापुरता जन माहिती अधिकारी धरला जातो. मग दंडाची वेळ आली तर ती त्यांच्यावर. पत्राला जावक क्रमांक घ्या, त्यांच्या टेबलाची सही घ्या आणि पाच दिवसांची मुदत घाला. भाषा सौम्य ठेवा. माझ्या अनुभवात कलम वाचल्यावर निम्मे लोक स्वतः पुस्तिका घेऊन येतात.

"कशाला हवी" हे विचारायचं नाही. कलम ६(२) मध्ये स्पष्ट आहे, अर्जदाराला कारण सांगावं लागत नाही. सर सांगतील कदाचित, भला माणूस दिसतो. पण आपण विचारायचं नाही.

वरिष्ठांच्या सल्ल्याबद्दल. ८(१)(जे) बदललं हे खरं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्याने ते कलम आखूड केलं आणि त्यातली सार्वजनिक हिताची तरतूद काढली. पण कलम ८(२) जागेवर आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि मुळात रस्त्याची जाडी, खडीचं प्रमाण, नगरपरिषदेने दिलेली रक्कम, यात कुणाचं वैयक्तिक काय आहे? पॅन आणि खाते क्रमांक वैयक्तिक. ते कलम १० खाली झाकायचे. झेरॉक्सवर काळ्या पेनाने खोडा आणि त्या खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या, नाहीतर पान उजेडात धरलं की आकडे दिसतात. पत्रात एक ओळ लिहा की अमुक पानांवरचे एवढे तपशील या कलमाखाली वगळले. बाकी देयक जसंच्या तसं. ठेकेदाराची संमतीही मागत बसू नका. कलम ११ त्याने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीसाठी आहे, सार्वजनिक पैशातून चुकत्या झालेल्या बिलासाठी नाही.

३० दिवस जाऊ दिले तर काय होतं ते वरिष्ठांना दाखवा. मुदतीत निर्णय नाही म्हणजे नकार धरला जातो. त्यानंतर माहिती द्यावीच लागली तर कलम ७(६) प्रमाणे फुकट. तुमची पानं समजा १,३४० धरली, तर २ रुपयांप्रमाणे २,६८० रुपये नगरपरिषदेच्या खिशातून जातात. आणि कलम २० चा दंड, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, तो कार्यालय भरत नाही. ज्याचं नाव आदेशात आहे त्याच्याकडून वसूल होतो. ते नाव तुमचं आहे, ताई.

खर्चाचं पत्र लवकर काढा. पानांची संख्या, दर, एकूण रक्कम, आणि हा हिशोब पटला नाही तर अपील कुणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचं पदनाम नि पत्ता, हे सगळं त्यात पाहिजे. ते पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात. २९ व्या दिवशी असं पत्र काढून मुदत ताणणारे मी पाहिलेत. तसं करू नका. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल आणि पुरावा जोडला असेल तर पैसे मागायचेच नाहीत.

प्रतिसाद (जिल्हा पातळीवरच्या कार्यालयातली कर्मचारी)

मला वाटतं १,३४० पानांची झेरॉक्स सुरू करण्याआधी सरांना दप्तर दाखवायला बोलवा. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायचे असतात, स्थानिक स्वराज्य संस्थांनीसुद्धा. आमच्याकडे निम्मे अर्जदार पाहून झाल्यावर वीस-तीस पानंच मागतात. बसायला खुर्ची-टेबल, पंखा आणि प्यायला पाणी ठेवा. देताना प्रत्येक नस्तीची (फाइलची) पानं पेन्सिलीने क्रमांक घालून मोजा, परत घेताना पुन्हा मोजा. एवढं केलं की पान गेल्याचा आळ कुणावर येत नाही.

फक्त, बघायला बोलावणं म्हणजे प्रती नाकारणं नव्हे. सर म्हणाले मला सगळंच हवं, तर सगळंच द्यायचं.

प्रतिसाद (अर्ज करणारा एक नागरिक)

मी टेबलाच्या या बाजूचा माणूस. एक मनापासून सांगतो: "उपलब्ध नाही" एवढीच ओळ लिहिलेलं पत्र पाठवू नका. मला अशी चार पत्रं आलीत. त्यातून एकच कळतं, की कुणी शोधलंच नाही. त्याऐवजी कुठल्या तारखेला, कुठल्या कपाटात, कुणी शोधलं, काय अवस्थेत सापडलं हे लिहिलंत तर माणूस विश्वास ठेवतो. माझ्या बाबतीत एका तालुक्यातल्या कार्यालयाने भिजलेल्या नस्तीचा फोटोच जोडला होता. मी अपील केलं नाही.

आणि "जबाबदार कोण" या प्रश्नावर चिडू नका. आम्हाला कळत नाही की कागद मागायचा असतो, मत नाही. फोन करून सांगा ना, कलम ५(३) मध्ये अर्जदाराला मदत करणं तुमच्याच कामात लिहिलंय.

प्रतिसाद (निवृत्त कार्यालय अधीक्षक)

वरच्या दादांचं बरोबर आहे. सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, कार्यालयात जी माहिती आहे ती द्यायची, नवीन तयार करायची किंवा मत द्यायचं बंधन नाही. पण तेवढंच लिहून मोकळं होणं मला कधी पटलं नाही. त्या प्रश्नामागचे कागद तुमच्याकडे आहेत: करारनाम्यातलं दोष दायित्व कालावधीचं कलम (ज्या मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा), त्या काळात ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस दिली असेल तर तिची प्रत, पाहणीचा अहवाल. नोटीस दिलीच नसेल तर "अशी नोटीस अभिलेखात नाही" हेही उत्तरच आहे. सरांना नेमकं तेच हवं असणार.

भिजलेल्या वर्षाचं. कागद सापडत नाही ही माहिती नाकारायची सबब कलम ८ मध्ये कुठेही नाही. म्हणून शोधाचा अहवाल करा, दोघांच्या सह्या घ्या आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर टिपणी ठेवा. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच आहे. अभिलेख बेकायदा हलवला किंवा नष्ट केला तर त्यात शिक्षा आहे. भिजलेला रुमाल वेगळा आणि कपाटातून गेलेली एमबी वेगळी, दोन्ही एका ओळीत बसवू नका.

आणि प्रत दुसरीकडे शोधा. तुम्ही लेखाच्या आहात, तुम्हाला सांगायला नको: रोजकीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) रक्कम आणि धनादेश क्रमांक मिळेल. लेखापरीक्षण अहवालात त्या कामावर परिच्छेद असू शकतो. तांत्रिक मान्यता ज्या कार्यालयाने दिली तिथे अंदाजपत्रकाची प्रत असते. तो भाग पूर्ण त्यांच्याकडचाच असेल तर कलम ६(३) खाली तेवढा अर्ज हस्तांतरित करायचा. त्याची मुदत ५ दिवसांची होती, ती गेली. तरी आजच करा आणि सरांना कळवा.

प्रतिसाद (ग्रामपंचायतीकडचा कर्मचारी)

हे सगळं नगरपरिषदेत जमेल. माझ्याकडे दोन गावं, संगणक परिचालक आठवड्यातून तीन दिवस. एकच माणूस दर महिन्याला पंधरा अर्ज टाकतो आणि प्रत्येकात चार विषय. आम्ही काय करायचं? तो गावासाठी मागतो की ठेकेदाराला धमकवायला, हे गावाला माहीत आहे.

प्रतिसाद (निवृत्त कार्यालय अधीक्षक)

भाऊ, तुमचा त्रास खरा आहे. २०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा, आणि शक्यतो १५० शब्दांचा, असं आहे. एकापेक्षा जास्त विषय असतील तर पहिल्याचं उत्तर द्या आणि बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करायला लेखी सांगा. अख्खा अर्ज परत करू नका.

पण हेतूच्या मागे लागू नका. तो धमकावत असेल तर त्याची ताकद कागद फक्त त्याच्याकडे असण्यात आहे. मंजूर कामं, ठेकेदार, रक्कम आणि देयकाची तारीख दर तीन महिन्यांनी फलकावर लावा. कुणी न मागता माहिती जाहीर करा असं कलम ४ सांगतं, आणि ते आपण २००५ पासून टाळत आलोय. मी शेवटच्या तीन वर्षांत रस्त्यांची देयकं मंजूर झाली की स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायला लावली. बांधकामचे अर्ज निम्म्याहून खाली आले.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वाचलं आणि सकाळी कामाला लागले.

अभियंता साहेबांना पत्र दिलं, जावक क्रमांकासह. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, दुपारी शिपायाबरोबर सहा पुस्तिका पाठवल्या. सातवी नाही. तांत्रिक मान्यतेपुरता अर्ज संबंधित कार्यालयाला पाठवला आणि त्याची प्रत सरांना. वरिष्ठांसमोर २,६८० चा हिशोब ठेवला तर म्हणाले, "बरं, द्या मग." आवक टेबलावरच्या मुलाला बसवून सांगितलं की अर्ज कुठल्याही विभागाचा असो, पोच इथेच द्यायची. तोही नवीन आहे, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांना फोन केला. सोमवारी ३ वाजता येतायत. "माझ्या नातवाला आणू का, त्याला बारीक अक्षर वाचता येतं," असं विचारत होते. मी हो म्हटलं.

आता एकच राहिलं. भिजलेल्या रुमालातली वरची चाळीसेक पानं हलक्या हाताने सुटतील असं वाटतं, पण चुकलं तर तीही जातील. असे कागद सोडवायचं काम अभिलेखागाराकडून कुणी करून घेतलंय का? कुणाला आणि कसं पत्र लिहायचं ते कळवा. तोवर रुमाल तसाच बांधून पंख्यापासून लांब ठेवलाय.