मालवण-सिंधुदुर्ग कोल्हापूरकडं कधीपर्यंत होतं?

रंकाळ्याचा_वारा: दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन दाजीपूर-फोंडा मार्गे मालवणला जातोय. सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल वाचायला घेतलं की सगळीकडं 1664 ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, हिरोजी इंदुलकर, पाया भरताना शिसं ओतलं, इथवर येतं आणि मग एकदम डायरेक्ट आजचं स्कूबा डायव्हिंग. मधली दीड-दोनशे वर्षं कुठं गेली? आजोबा म्हणायचे मालवण आपल्या गादीचं होतं. पोरं विचारणार, त्यांना नीट सांगता यायला पाहिजे. कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर लिवा.

करवीर_पेठ: आजोबा बरोबर सांगायचे भावा. 1731 च्या वारणेच्या तहात साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांची वाटणी झाली, त्यात दक्षिण कोकणाचा भाग कोल्हापूरकडं आला आणि सिंधुदुर्ग आपल्या आरमाराचं ठाणं झालं. आपण कोल्हापूर म्हटलं की पन्हाळा, तालीम, ऊस एवढंच बघतो पण या गादीला समुद्र होता हे शाळेत कुणी सांगतच नाही, मला याचं लई वाईट वाटतं.

इंग्रजांच्या कागदात मालवणच्या आरमाराला सरळ चाचे म्हणून टाकलंय. आता बघा, पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना द्यायचे आणि तो नसला की जहाज धरायचे, ते झालं राज्य. मराठी आरमार दस्तक म्हणजे तसाच परवाना मागायचं, नसला की जहाज धरायचं, ती झाली चाचेगिरी. हे मला अजिबात पटत नाही, आणि आपली माणसंसुद्धा तोच शब्द उचलून लिहितात.

1756 ला पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गावर मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचं आरमार संपवलं. हे घडलं आणि किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं मोठं कुणी उरलं नाही, मग नऊ वर्षांत त्यांची पाळी मालवणवर आली. 1765 ला मुंबईच्या इंग्रज आरमारानं सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला नाव दिलं फोर्ट ऑगस्टस!! तेव्हा कोल्हापूरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या, त्यांचे पती संभाजी महाराज 1760 ला वारले होते. राणीसाहेबांनी पैसे भरायचं कबूल करून तह केला आणि किल्ला परत मिळवला. एका बाजूला पेशवे, दुसऱ्या बाजूला सावंतवाडीकर आणि समुद्रात इंग्रज, अशात राज्य टिकवलं त्या बाईनं. पोरांना हे आवर्जून सांगा.

चिवला_किनारा: मी मूळची मालवणची, लग्न करून कोल्हापुरात आलेली. वरच्या दादांनी चांगलं लिवलंय, पुढचं मी सांगते. 1812 मध्ये कोल्हापूरनं मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचा इंग्रजांना दिला. कारण घाटावरचं होतं. पेशव्यांशी आणि निपाणकरांशी (निपाणीचे देसाई) चिकोडी-मनोळी या भागावरून भांडण चाललेलं, त्यात राज्यच जायची वेळ आली तेव्हा इंग्रजांनी मध्ये पडून संरक्षण कबूल केलं, चिकोडी-मनोळी सोडावी लागली आणि बदल्यात आमचं बंदर घेतलं. त्याच वर्षी वेंगुर्ला पण सावंतवाडीकडून त्यांनी घेतलं, म्हणजे बघा एका वर्षात किनारा साफ.

तरीपण नातं तुटलं नाही. किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळातलं म्हणतात, त्याला कोल्हापूर दरबारची नेमणूक म्हणजे खर्चाची ठरलेली रक्कम होती. मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर टोप आहे, ते जवळून बघा, घाई करू नका.

रंकाळ्याचा_वारा: ताई, दादा, मनापासून आभार. चिकोडीच्या भांडणात मालवण गेलं हे पहिल्यांदाच कळालं, चिकोडी तर आमच्या सासरवाडीकडं. किल्ला सोडून अजून काय दाखवू?

चिवला_किनारा: आधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा दाखवा, किल्ल्याच्या बांधकामाची पूजा तिथं झाली, खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत, बहुतेक लोक गाडीतून तसेच जेटीवर जातात. मग मालवणचाच राजकोट किल्ला. पद्मगड या छोट्या किल्ल्याला दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जाता येतं पण पाणी कधी चढतं ते आधी तिथल्या कोळी लोकांना विचारा आणि पोरांना घेऊन जास्त वेळ थांबू नका.

करवीर_पेठ: आणि एक, 2025 ला युनेस्कोनं जे बारा किल्ले यादीत घेतले त्यात पन्हाळा पण आहे आणि सिंधुदुर्ग पण. जायच्या आधी एकदा पोरांना पन्हाळ्यावर नेऊन आणा, राज्य घाटावर कुठं होतं आणि त्याचं बंदर कुठं होतं हे त्यांना बरोबर समजंल.