एन्जिनएक्समागे जँगोचे ॲप: उपमार्गावर ठेवावे की सबडोमेनवर?

ग्रंथाळू:
आमच्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ भाड्याच्या एका लहान सर्व्हरवर आहे. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), एन्जिनएक्स (पाने पुरवणारा वेब सर्व्हर) आणि साधी एचटीएमएल पाने, एवढाच पसारा. वाचकांना घरबसल्या पुस्तके शोधता यावीत म्हणून जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये सूचीचे ॲप तयार केले असून ते गुनिकॉर्न या पायथन ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर १२७.०.०.१:८००० (त्याच मशीनचा अंतर्गत पत्ता) येथे चालते. मूळ पत्त्यापुढे /सूची/ लावून ते उघडावे, असा कार्यकारिणीचा आग्रह आहे. एन्जिनएक्समध्ये प्रॉक्सी_पास (विनंती ॲपकडे पुढे पाठवणारी ओळ) दिल्यावर पहिले पान उघडते, मात्र त्यावरील कोणताही दुवा दाबला की मुख्य संकेतस्थळाचे ४०४ (पान सापडले नाही) समोर येते. आणि जँगोमध्ये एचटीटीपीएसची सक्ती चालू केली की ब्राउझर रीडायरेक्टच्या (दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याच्या) फेऱ्यात अडकतो. एन्जिनएक्स काढून कॅडी हा दुसरा वेब सर्व्हर बसवावा, असेही एकाने सुचवले आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

वाटाड्या:
एन्जिनएक्स मुळीच काढू नका. आपल्या दोन्ही अडचणी त्याच्यामुळे नव्हे, तर आपण प्रॉक्सीमागे (मध्यस्थ सर्व्हरमागे) उभे आहोत हे ॲपला ठाऊक नसल्यामुळे आहेत.

प्रॉक्सी_पासमधील पत्त्याच्या शेवटी आपण तिरकी रेघ दिलेली दिसते. ती असली की एन्जिनएक्स /सूची/ हा भाग कापून उरलेला मार्गच पुढे पाठवतो, म्हणून पहिले पान उघडते. पण जँगोला त्या कापलेल्या भागाची कल्पना नसल्याने तो सर्व दुवे मुळापासून तयार करतो आणि ते मुख्य संकेतस्थळावर जाऊन आदळतात. उपमार्गच हवा असेल, तर रेघ तशीच ठेवून जँगोच्या सेटिंगमध्ये फोर्स_स्क्रिप्ट_नेम /सूची असे द्यावे.

रीडायरेक्टचा फेरा वेगळा आहे. ब्राउझर ते एन्जिनएक्स हा प्रवास एचटीटीपीएसने होतो, पण तेथून गुनिकॉर्नपर्यंत साधे एचटीटीपी असते. त्यामुळे जँगोला प्रत्येक विनंती असुरक्षित वाटते आणि तो ती पुन्हा एचटीटीपीएसकडे धाडतो. प्रॉक्सी_सेट_हेडर वापरून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) डॉलर-स्कीम, म्हणजे मूळ जोडणी एचटीटीपी की एचटीटीपीएस हे, पाठवा. गुनिकॉर्न १२७.०.०.१ वरून आलेल्या या हेडरवर मुळातच विश्वास ठेवतो, म्हणून आपल्या मांडणीत एवढ्यावर फेरा सुटायला हवा. ॲप उद्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) गेले, तर मात्र प्रॉक्सीचा नवा पत्ता गुनिकॉर्नला सांगावा लागेल. होस्ट हेडरही (वाचकाने उघडलेले संकेतस्थळाचे नाव) पाठवाच, अन्यथा एन्जिनएक्स त्या जागी प्रॉक्सी_पासमधील पत्ता भरतो.

माळरान:
वरील उत्तर योग्य आहे; तरीही माझे मत सबडोमेनच्या (मूळ नावाआधी शब्द जोडून केलेल्या स्वतंत्र पत्त्याच्या) बाजूने आहे. अशा जुन्या संकेतस्थळांच्या मांडणीत चित्रे आणि सीएसएस ब्राउझरने साठवून ठेवावीत म्हणून बहुधा एक रेजेक्स लोकेशन (पत्त्याच्या नमुन्यावरून जुळणारा नियम) लिहिलेले असते. एन्जिनएक्समध्ये साध्या उपसर्गाच्या लोकेशनपेक्षा रेजेक्सला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे /सूची/ खालील चित्रे ॲपच्या वाट्याला न येता जुन्या फोल्डरमध्ये शोधली जातात आणि पान उघडे-बोडके दिसते. लोकेशनपुढे ^~ लावून हे टाळता येते खरे, पण असा एकेक अपवाद लक्षात ठेवणारा माणूस पुढे वाचनालयात असेलच असे नाही. सबडोमेनला स्वतंत्र सर्व्हर ब्लॉक (एका नावापुरता मांडणीचा भाग) मिळतो आणि मार्ग कापण्याची भानगडच उरत नाही. त्याचे नाव एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटमध्ये आणि जँगोच्या अलाउड_होस्ट्समध्ये (परवानगी असलेल्या नावांच्या यादीत) मात्र घालावे लागेल.

कॅडी चांगलेच आहे. सर्टिफिकेट ते स्वतः मिळवते, आणि होस्ट व फॉरवर्डेड हेडरही न सांगता पाठवते. नव्या सर्व्हरवर मी तेच सुचवले असते. चालू संकेतस्थळावर एका वेळी एकच बदल करावा.

ग्रंथाळू:
दोघांचेही आभार. हेडर दिल्यावर फेरा थांबला. सबडोमेनचा विचार पटला आहे, परंतु कार्यकारिणीने /सूची/ हा पत्ता सूचनाफलकावर आधीच लावला आहे. शिवाय पुस्तकांची एक्सेल फाइल चढवताना आता ४१३ (विनंती फार मोठी) येते, आणि लहान फाइल चढवली तर अर्ध्या मिनिटाने ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही).

वाटाड्या:
४१३ एन्जिनएक्सचे आहे. विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी असते, ती क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइजने केवळ या ॲपपुरती वाढवा. ५०२ साठी एरर लॉग पाहा. अपस्ट्रीमने (मागच्या सर्व्हरने, म्हणजे गुनिकॉर्नने) जोडणी मध्येच तोडली अशी नोंद असेल, तर गुनिकॉर्न ३० सेकंदांनी कामगार प्रक्रिया मारत आहे. एन्जिनएक्स स्वतः ६० सेकंद वाट पाहतो आणि कंटाळला तर ५०४ (वेळेत उत्तर नाही) देतो, म्हणून तेथील मुदत वाढवून उपयोग नाही. गुनिकॉर्नची टाइमआउट वाढवा. हजारो नोंदी असतील, तर आयात वेबवरून न करता जँगोच्या मॅनेजमेंट कमांडने (सर्व्हरवर थेट चालवायच्या आज्ञेने) करणे अधिक बरे.

माळरान:
फलक बदलण्याची गरज नाही. मुख्य सर्व्हर ब्लॉकमध्ये /सूची/ साठी रिटर्नची एक ओळ लिहून सबडोमेनकडे वळवा. सुरुवातीला ३०२ (तात्पुरते वळण) ठेवा, कारण ३०१ (कायमचे वळण) ब्राउझर लक्षात ठेवतात आणि पत्ता पुन्हा बदलला तर वाचक जुन्याच ठिकाणी जात राहतात. बदलानंतर एन्जिनएक्स -टी ने मांडणी तपासून रीलोड करा, रीस्टार्ट नको.